लायनरची किंमत कोण मोजतो?

घाटात एखादी मालमोटार पुढच्या वाहनांवर आदळली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. दरड कोसळावी तसा हा ब्रेक जणू कोणाचाही हात न लागता निकामी होतो. वस्तुतः अशा कित्येक अपघातांची सुरुवात काही महिने आधी, सुट्या भागांच्या दुकानात दोन खोक्यांपैकी स्वस्त खोके उचलले गेले तेव्हाच झालेली असते.

लहान मोटारीच्या पुढच्या चाकांत आता डिस्क आणि पॅड सर्रास असतात. भारतातील अवजड मालमोटारी मात्र अद्याप बहुतांशी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रम ब्रेकवरच धावतात. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम, त्याच्या आत दोन शू आणि शूवर रिव्हेटांनी बसविलेले लायनर, अशी ही साधी रचना आहे. पेडल दाबले की लायनर ड्रमला आतून घासतात आणि गाडीच्या वेगाचे रूपांतर उष्णतेत होते. ही उष्णता किती असते, याची कल्पना सहसा नसते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे पाचशे मीटरचा आहे. १८.५ टन वजनाची दोन आसांची मालमोटार तो उतरते तेव्हा जी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते, तिच्यावर जवळजवळ पावणेतीनशे लिटर पाणी उकळीस येईल. खालच्या गिअरमध्ये इंजिन यातील जेवढा वाटा उचलील तेवढा सोडला, तर बाकीचा बहुतेक भार लायनर आणि ड्रम यांच्या माथी येतो. हलका लायनर फार तापला की त्यातील बांधणीची राळ विघटित होऊ लागते, घर्षण घटते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. चांगल्या व वाईट लायनरमधील भेद सपाट रस्त्यावर, थंड चाकाला, जवळजवळ जाणवतच नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्नाचे मूळ येथेच आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला मालाचा कस ठाऊक आणि ग्राहकाला तो ओळखता येत नाही, अशा बाजारात हलका माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लायनरच्या बाजाराची स्थिती त्याहून बिकट आहे, कारण येथे पुष्कळदा दुकानदारालाही माल ओळखता येत नाही. नामांकित कंपनीच्या खोक्याची नक्कल छापणे अवघड नाही. काही लायनरांच्या कडेवर ‘एफ-एफ’ यांसारखी दोन अक्षरे असतात. पहिले थंड असतानाचे घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ती पाहून घ्यावीत हे खरे. परंतु अक्षरे ठोकण्यास प्रयोगशाळा लागत नाही, साचा पुरतो.

जाणता मिस्त्री यातून आपल्यापरीने वाट काढतो. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना तो एकाच जातीचे लायनर बसवितो. अन्यथा ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रमला चरे पडले असतील तर तो ड्रम लेथवर कातून घेतो, मात्र कमाल व्यासाची मर्यादा ओलांडली असल्यास भंगारात टाकण्यास सांगतो. हा सल्ला मालकाला कडू लागतो. लायनर घासले म्हणून आलेला माणूस दोन नवे ड्रम घेऊन जाण्याच्या तयारीने आलेला नसतो. (हाच मिस्त्री जुन्या लायनरची भुकटी हवेच्या नळीने फुंकून काढतो आणि ती त्याच्याच छातीत जाते. युरोपीय संघात २००५ पासून अॅस्बेस्टॉसच्या वापरास बंदी आहे. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही, आणि स्वस्त खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेले नसते.)

मालकाला लोभी ठरविणे सोपे आहे. परंतु देशातील बहुसंख्य मालमोटारी एक ते पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या आहेत. भाडे दलाल ठरवितो, डिझेलचा दर तेलकंपन्या ठरवितात, हप्ता ठरलेला असतो. ज्या थोड्या खर्चांवर मालकाचा स्वतःचा हात चालतो, त्यांत दुरुस्ती येते. २०१८ साली केंद्र सरकारने आसांवरील अनुज्ञेय भार वाढविला. चार चाकी मागच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. वाहतूक स्वस्त करण्याचा हेतू रास्त असेल, पण वाढलेल्या प्रत्येक क्विंटलाला थांबविण्याचे काम ब्रेकनेच करावयाचे असते.

विम्याने तरी सावध मालकाला काही दिलासा द्यावा, तर तेही नाही. त्रयस्थ पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा हप्ता मालमोटारीच्या एकूण वजनाच्या टप्प्यानुसार ठरतो. अस्सल लायनर बसविणारा आणि नकली बसविणारा दोघेही सारखाच हप्ता भरतात. स्वस्त लायनरने वाचलेले पैसे मालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र चालक, क्लीनर आणि पुढे स्कूटरवरून जाणारा अनोळखी माणूस यांच्या वाट्याला येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे तपासात पुढे आल्याची बातमी होती. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, आणि गिअरचा आधारही गेला. वाचते ते थोडे डिझेल. हिशेब लायनरच्याच जातीचा आहे.

योग्यता प्रमाणपत्राची तपासणी या हिशेबात फरक पाडू शकली असती. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहनाला ते दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्याला दरवर्षी घ्यावे लागते. नव्या स्वयंचलित केंद्रांत चाके रुळांवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ही पद्धत निश्चितच बरी. पण ही परीक्षा थंड ब्रेकची असते आणि तपासणीला येणारी गाडी सहसा रिकामी असते. उतारावरची परीक्षा तीत होतच नाही. त्याच वेळी ड्रमचा व्यास आणि लायनरची जाडी मोजून प्रमाणपत्रावर नोंदविता येईल. लायनरच्या खरेदीची पावती मागता येईल, आणि ती दाखविणाऱ्याला सक्तीच्या विम्याच्या हप्त्यात सूट देता येईल. सूट थोडी असली तरी चालेल. अस्सल आणि नकली खोक्यांच्या किमतीतील अंतर तिने भरून निघाले, की दुकानातील मालकाचा हात दुसऱ्या खोक्याकडे जाण्यास कारण मिळेल.