एक दिवस, चार सन: पुसेगावचे दप्तर आणि प्रोग्रामिंगची प्रतिमाने

१/ #थ्रेड
१७ सप्टेंबर १९४८. हैदराबादच्या सैन्याने शरणागती पत्करली. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले पुसेगाव तोवर निजामाच्या राज्यात होते. त्या दिवशी इंग्रजी पंचांगात १९४८ होते, शालिवाहन शक १८७० होता, हिजरी १३६७ होते आणि सरकारी दप्तरात फसली १३५७ चालू होते. दिवस एकच, आकडे चार. हे संगणकाला कसे शिकवावे?

२/ प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी लिपीतील जुने कागद एकाएकी घराघराच्या भवितव्याशी जोडले गेले. अशा वेळी नोंद संगणकात कशी उतरते, याला मोठे महत्त्व येते.

३/ फसली सनाचेच पाहा. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी त्यात ५९० मिळवावे लागतात आणि त्यापुढच्या महिन्यांसाठी ५९१. संस्थानातील जहागिरी रद्द करणाऱ्या विनियमावर १३५८ फसली हे वर्ष आहे, त्याची तारीख मात्र १५ ऑगस्ट १९४९. सरसकट ५९० मिळवणारा संगणक त्याला १९४८ मध्ये ढकलून मोकळा होईल.

४/ येथे प्रोग्रामिंगचा इतिहास उपयोगी पडतो. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूची फोरट्रान ही भाषा आली. तिचा स्वभाव हुकुमाचा: आधी हे कर, मग ते कर, या जागेतील आकडा बदल. याला आज्ञार्थी पद्धत म्हणता येईल. हजारो छायाचित्रे एकामागून एक उघडणे, त्यांना क्रमांक देणे, ती जतन करणे, या कामांना हीच पद्धत शोभते.

५/ जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेची आखणी सुरू केली. तिच्यापासून निघालेल्या फंक्शनल परंपरेत गणिताचा भाव आहे: तेच दिले की तेच मिळते आणि दिलेली वस्तू बदलत नाही. सनांच्या रूपांतराला हेच हवे. फसली वर्ष आणि महिना द्यावा, इसवी सन मिळावा, मूळ नोंद जशीच्या तशी राहावी. महिना ठाऊक नसेल तर दोन्ही शक्य वर्षे मिळावीत. अंदाजाने एक निवडणे हा अपराध होय.

६/ ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ ने ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, केंद्रस्थानी आणली. वस्तू आपली माहिती आणि आपले वर्तन सोबत बाळगते. पुसेगाव नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत, एक हिंगोली जिल्ह्यातले, दुसरे साताऱ्यातले. एक निजामाकडे, दुसरे ब्रिटिश मुंबई इलाख्यात. नुसते अक्षरांचे नाव साठवले तर दोन्ही एक होतात. गाव ही वस्तू मानली, की तिचा तालुका, तिची राजवट, तिचे पंचांग तिच्यासोबत चालते.

७/ १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये आलँ कोलमेरोएर यांच्या गटाने प्रोलॉग घडवली. तिच्यात कृती सांगावी लागत नाही. तथ्ये आणि नियम मांडायचे, उत्तर भाषेने शोधायचे. बापाचा बाप तो आजोबा, एवढा नियम आणि बाप-लेकांच्या नोंदी पुरवल्या की पिढ्या जुळू लागतात. वंशावळीसाठी याहून सरळ मांडणी सापडणे कठीण.

८/ या निरनिराळ्या पद्धतींना पॅराडाइम, म्हणजे प्रतिमान, असे म्हणतात. शब्द गाजला तो थॉमस कून यांच्या १९६२ च्या ग्रंथामुळे, आणि ते विज्ञानाचे इतिहासकार होते. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९७८ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात तो प्रोग्रामिंगसाठी वापरला. प्रत्येक प्रोग्रामरने आपल्याजवळच्या प्रतिमानांचा साठा वाढवावा, असा त्यांचा आग्रह होता.

९/ मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. कून यांच्या मांडणीत नवे प्रतिमान जुन्याला पदच्युत करते. प्रोग्रामिंगमध्ये तसे घडले नाही. खुद्द बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात फोरट्रानच्या घराण्यावर टीका करून फंक्शनल मार्गाची बाजू घेतली, तरी आज्ञार्थी भाषा टिकल्या. मराठवाड्यातही फसली आल्याने शक पुसला गेला नाही. सारा फसलीने मोजला जाई, सण शकाच्या पंचांगाने येत.

१०/ या सहजीवनाला घर दिले ते बहुप्रतिमानी भाषांनी. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांची सी प्लस प्लस, १९९१ मध्ये प्रकाशात आलेली पायथन, या त्यांतल्या ठळक. एकेकाळी वस्तूंवाचून पान न हलणाऱ्या जावानेही २०१४ मध्ये फंक्शनल पद्धतीची साधने स्वीकारली. पुसेगावच्या दप्तरासाठी रूपांतर फंक्शनल, गाव वस्तुरूप, छायाचित्रांची हाताळणी आज्ञार्थी, असे एकाच भाषेत लिहिता येते.

११/ यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सर्व काही चालते अशा भाषेत गबाळेपणाही चालतो. १९९१ सालीच पुणे विद्यापीठातील रुस्तुम मोदी यांनी संगणकशिक्षणातील सी भाषेच्या वापरावर टीका करणारा लेख लिहिला होता. भाषा विचाराला वळण लावते, हे मान्य केले तर वाईट वळणाचीही चिंता करावी लागते. पायथनमध्ये मूळ नोंदीवरच नवे वर्ष लिहून टाकणे एका ओळीचे काम आहे, आणि भाषा त्याला हरकत घेत नाही.

१२/ म्हणून लवचिकतेचे समर्थन शिस्तीसह करावे लागते. कोणत्या भागात कोणते प्रतिमान आणि का, हे आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे. मूळ नोंद कधीही बदलू नये, रूपांतर तिच्या शेजारी राहावे. ही अट नवी नाही. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर छापताना चांगला संपादक आपली दुरुस्ती कंसात टाकतो, मूळ शब्द खोडत नाही.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रोग्रामिंग शिकावे ते नोकरीच्या बाजारासाठीच, असे नाही. बखर, सनद, शिलालेख आणि महसुली कागद यांना एकच निकष लावणारा अभ्यासक कच्चा ठरतो. एकाच प्रतिमानाने सारे दप्तर हाकणारा प्रोग्रामरही तसाच. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. अक्षरे संगणकात पोहोचली आहेत, त्यांमागचे संदर्भ पोहोचवणे बाकी आहे.

१४/ ते काम वाचणाऱ्याला मोडी आणि फसली यावी, लिहिणाऱ्याला एकाहून अधिक प्रतिमाने यावीत, आणि शक्य तर दोघे एकच असावेत. नाहीतर पुसेगावच्या एखाद्या घराला उद्या संगणक सांगेल, की तुमच्या पणजोबांची नोंद आहे, पण ती साताऱ्यात, आणि एक वर्ष आधीची.

(समाप्त)