आजीची पेटी

आजी म्हटलं की गोधडी आठवते, नागलीची भाकर आठवते. तिच्या तरुणपणाची चौकशी मात्र आपण सहसा करत नाही. या अंकाचा विषय आम्हाला सुचला तो उर्मिला देशपांडे यांच्यामुळे. आजी इरावती कर्वे यांचं ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र त्यांनी थिआगो पिंटो बार्बोसा यांच्यासह लिहिलं, २०२४ साली. ‘युगान्त’ची लेखिका आपल्या ओळखीची. पण दोन महायुद्धांच्या मधल्या बर्लिनमध्ये, मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरच्या संस्थेत, १४९ कवट्यांची मापं घेत बसलेली विशीतली इरू? कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर ठरतो, हे तिने सिद्ध करावं अशी गुरूची अपेक्षा. मापं तसं म्हणेनात. तिनेही प्रबंधात मापं म्हणाली तेच लिहिलं. याच फिशरचे विचार पुढे नाझींच्या कामी आले, म्हणून त्या प्रबंधाचं मोल अधिक.

बर्लिन आपल्या राजूरपासून फार लांब, हे मान्य. पण इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्यात फाशी झाली, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. त्या काळात घरोघरच्या बायकांवर काय गुजरलं, ते कितीजणांना सांगता येईल? नामवंत आज्यांची चरित्रं निघतात. बाकीच्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच जातात, म्हणून या अंकात आम्ही नातींनाच लिहितं केलं आहे.

तुमच्या माळ्यावरही एखादी पत्र्याची पेटी असेल. उघडा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. पोस्टकार्डही चालेल.