विश्लेषण : मधुमेहाचे इंजेक्शन दीडशे रुपयांचे की १४ हजारांचे? रुग्णाच्या खिशाला नेमकी किती झळ बसते?

मधुमेहाच्या इंजेक्शनांच्या बाजारात २०२५ मध्ये मोठी उलथापालथ झाली. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि डिसेंबर २०२५ मध्ये ‘ओझेम्पिक’ भारतात आले. मानवी इन्सुलिनची काही पेन मात्र बाजारातून बाहेर पडू लागली. मालवण तालुक्यातील मसुरेसारख्या गावात इन्सुलिनवर असलेल्या रुग्णासाठी याचा अर्थ काय? औषधाच्या खोक्यावरची किंमत कोण ठरवते आणि त्यापलीकडे किती खर्च होतो?

एकाच आजाराच्या इंजेक्शनांत एवढा फरक कसा?

‘मधुमेहाचे इंजेक्शन’ म्हटले तरी त्यात दोन वेगळे गट आहेत. पहिला इन्सुलिनचा. टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यामुळे या रुग्णांना ते रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. टाइप २ च्या अनेक रुग्णांनाही गोळ्या पुरेशा न ठरल्यास ते सुरू करावे लागते.

दुसरा गट आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनांचा. ओझेम्पिकमधील सेमाग्लुटाइड आणि मौंजारोमधील टिर्झेपेटाइड ही औषधे टाइप २ साठी आहेत. त्यांनी साखर आटोक्यात येते, भूक आणि वजनही कमी होते. पण ती इन्सुलिनची जागा घेत नाहीत. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन बंद करून ती घेणे जिवावर बेतू शकते.

महिन्याचा हिशेब किती?

मानवी इन्सुलिनची १० मिलीची कुपी साधारण दीडशे ते दोनशे रुपयांच्या घरात मिळते. एका मिलीत ४० युनिट, म्हणजे कुपीत ४०० युनिट. रोज ३० युनिट घेणाऱ्या रुग्णाला महिन्याला ९०० युनिट लागतात, म्हणजे तीन कुप्या घ्याव्या लागतात. औषधाचा खर्च झाला साडेचारशे ते सहाशे रुपये. पेनमधून घ्यायचे ‘अॅनालॉग’ प्रकारचे इन्सुलिन याहून बरेच महाग पडते.

ओझेम्पिकची सुरुवातीची मात्रा आठवड्याला २,२०० रुपयांना, म्हणजे महिन्याला ८,८०० रुपयांना बाजारात आली. मौंजारोची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आली. आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याचे १४ हजार रुपये. ५ मिलिग्रॅमला तेव्हा हाच आकडा १७,५०० होता.

किंमत कोण ठरवते?

मानवी इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. या यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या सर्व ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून त्यात विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवला जातो. घाऊक महागाईनुसार दर एप्रिलमध्ये त्यात बदल होतो. २०२२ च्या यादीत ‘ग्लार्जिन’ या अॅनालॉग इन्सुलिनचाही समावेश झाला.

यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनीच ठरवते. सरकारचे बंधन एवढेच, की वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड यादीत नाहीत.

पेन बंद झाल्याने काय अडचण?

नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने मानवी इन्सुलिनची पेन आणि त्यांची काडतुसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आहे. कुप्या सुरू राहणार आहेत. ज्यांना महागडे पेन परवडत नाही, ते कुपीकडे वळतील. इथे एक धोका आहे. पेनमधील इन्सुलिन एका मिलीत १०० युनिटचे असते, तर कुपीतील बहुतेक ४० युनिटचे. ४० साठी लाल टोपणाची वेगळी सिरिंज असते. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने ‘३०’ पर्यंत औषध ओढले, तर शरीरात फक्त १२ युनिट जातात. उलट चूक झाली, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतले, तर ३० ऐवजी ७५ युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या खाली येते.

खोक्यावर न छापलेला खर्च कोणता?

सिरिंज किंवा सुया, तपासणीच्या पट्ट्या आणि प्रवास. एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. आठवड्यातून दोनदा साखर तपासली तरी महिन्याला १२० ते २०० रुपये होतात. मसुरेत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण तज्ज्ञांचा सल्ला किंवा दुकानात नसलेले औषध हवे असेल तर मालवण, कणकवली किंवा ओरोस गाठावे लागते. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज औषधाच्या बिलात दिसत नाहीत.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ते गोठले तर निकामी होते. कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली की फ्रिजचा भरवसा राहत नाही. अशा वेळी पाण्याने गार ठेवलेले मातीचे मडके हा तात्पुरता उपाय असतो.

मोफत मिळू शकते का?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मात्र साठा संपला की रुग्णाला बाहेरची चिठ्ठी घ्यावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी रोज लागणाऱ्या इन्सुलिनचा प्रश्न त्यातून सुटत नाही. जनऔषधी केंद्रात इन्सुलिनची चौकशी करता येते. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अॅपवर औषधाची किंमत पडताळता येते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ वरून पाच टक्क्यांवर आला आहे.

किमती खाली येतील का?

सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंत होती आणि अनेक भारतीय कंपन्यांनी आपापली आवृत्ती आणण्याची तयारी केली होती. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचे पेटंट संपले, तेव्हा ६० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या गोळीच्या स्वस्त आवृत्त्या १० रुपयांच्याही खाली आल्या. इंजेक्शनला पेन आणि शीतसाखळी लागते, त्यामुळे घसरण एवढी मोठी असेलच असे नाही.

इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला अवघ्या एका डॉलरला दिले होते. तरीही शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, अमेरिकेला ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात इन्सुलिनच्या खर्चावर महिना ३५ डॉलरची मर्यादा घालावी लागली. पेटंट नसले तरी औषध आपोआप परवडणारे होत नाही, हे यातून दिसते. मसुरेतील इन्सुलिनवरच्या रुग्णासाठी नव्या औषधाच्या स्वस्ताईपेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात दीडशे रुपयांची कुपी, योग्य सिरिंज आणि तपासणीची पट्टी न चुकता मिळणे अधिक मोलाचे आहे. कारण पैशांअभावी इन्सुलिनची मात्रा चुकत राहिली, तर पुढचा खर्च डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या उपचारांचा असतो.