खोट्या दाव्याचा खर्च कोणी सोसायचा?

बाररूममध्ये हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. ‘कोर्टात येणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. दावा खोटा असेल तर हरेल, त्यात बिघडले काय?’ हे म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यातले बरेच जण चांगले वकील आहेत. पण तालुका कोर्टात तीस वर्षे काढल्यावर मला हे वाक्य ऐकवत नाही. वारंवार खोटे दावे लावणाऱ्याला निकालाशी कर्तव्यच नसते. त्याला दावा चालू हवा असतो.

माझ्या पक्षकार असलेल्या एका आजींची हकिकत सांगतो. नवऱ्यामागे सव्वा एकर जमीन राहिली, विहिरीला लागून. भावकीतल्या एकाने वाटपाचा दावा लावला. वाटप केव्हाच झाले होते, फेरफार मंजूर होता, सातबारे वेगळे होते. दावा फेटाळला, अपीलही फेटाळले. दोन वर्षांनी त्याच गृहस्थाच्या मुलाने वाटणीपत्रच खोटे असल्याचा दावा आणला. तो चालू असतानाच प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध अपील. तेही गेले तेव्हा बांधावरच्या वहिवाटीचा तिसरा दावा, त्यात निशाणी 5 चा मनाईचा अर्ज आणि ‘जैसे थे’.

आजी प्रत्येक तारखेला सकाळच्या पहिल्या एसटीने येतात. त्यांच्या कापडी पिशवीत प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि त्यावर नातीने पेनने मोठे आकडे घातलेले आहेत : 1, 2, 3. पुकारा नीट ऐकू येत नाही म्हणून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून त्या शिपायाच्या तोंडाकडे बघत राहतात. दुपारी कळते की वादीतर्फे मुदतीचा अर्ज आहे. एकदा त्यांनी मला विचारले, ‘वकीलसाहेब, निकाल माझ्यासारखा लागला ना? मग अजून मीच का यायचं?’

दावा खोटा असेल तर हरेल, म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आजी पहिला दावा जिंकल्या, अपील जिंकल्या, प्रांतांकडे जिंकल्या. त्या काळात विहिरीवर मोटर बसवायची राहून गेली. नातीच्या शिक्षणासाठी अर्धा एकर विकायला काढले, तर घेणाऱ्याने दुय्यम निबंधकाकडे शोध घेतला, दाव्याची नोंद सापडली आणि तो परत आला नाही. ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नाही. ती वादीने दिली आणि तिची अंमलबजावणी कोर्टाच्या तारखांनी केली.

दुसरे म्हणणे असे, की कायद्यात उपाय आहेत, ते वापरा. आहेत, हे खरे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली दाव्याचा अर्ज उंबरठ्यावरच नाकारता येतो. न्या. कृष्ण अय्यर यांनी 1977 साली बंगळुरूच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. तिथे बाप हरल्यावर मुलगा दावा घेऊन उभा राहिला होता. आजींच्या प्रकरणाशी हे किती जुळते ते बघा. पण एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा आणता येत नाही, ज्याला आम्ही रेस ज्युडिकाटा म्हणतो, तो मुद्दा ठरवायला आधीच्या दाव्याचे कागद तपासावे लागतात. म्हणून तो नियम 11 खाली सहसा घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले आहे. म्हणजे ज्या माणसाला सर्वांत आधी थांबवायला हवे, तोच या दारातून आत येतो.

राहिले कलम 35अ. खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल प्रतिवादीला भरपाई देणारे हे कलम. भरपाईची कमाल मर्यादा 3,000 रुपये. 1976 च्या दुरुस्तीत ती 1,000 वरून 3,000 झाली आणि तिथेच राहिली. अपिलाला तर हे कलम लागूच नाही. आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याने व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढून टाकली. कंपन्यांच्या भांडणात खोटेपणाची खरी किंमत वसूल करता येते. आजींच्या बांधाच्या दाव्यात येत नाही. 3,000 रुपयांत उपाय आहे म्हणणे म्हणजे उपाय नाही म्हणण्यासारखेच आहे.

तिसरा आक्षेप मात्र मी हलक्याने घेत नाही. जबर खर्च लावले तर गरीब माणूस कोर्टाची पायरी चढायला घाबरेल, असे म्हणतात. पोटगी मागणारी बाई, थकलेल्या पगारासाठी भांडणारा कामगार, भूसंपादनाचा वाढीव मोबदला मागणारा शेतकरी, यांतले अनेक जण पहिल्या पायरीवर हरतात आणि वर जिंकतात. त्यांना दंडाची भीती घालणारा कायदा मला नको. पण हरणे वेगळे आणि हरलेलाच वाद नाव बदलून परत आणणे वेगळे. माझ्या अनुभवात चौथा दावा लावणारा माणूस गरीब नसतो. गरिबाचे पैसे पहिल्याच दाव्यात संपतात.

म्हणून माझे म्हणणे पहिल्या दाव्याबद्दल नाहीच, पुढच्यांबद्दल आहे. तहकुबीचा खर्च भरल्याशिवाय पुढे चालता येत नाही, हा नियम 35ब मध्ये आहेच. तोच नव्या दाव्याला लावा : त्याच मिळकतीवर, त्याच घराण्यातून पुन्हा दावा आला, तर आधीच्या हरलेल्या दाव्याचा खर्च प्रतिवादीच्या हाती पडल्यावरच तो नोंदवून घ्यावा. आणि खर्चाचा आकडा एसटीच्या तिकिटापासून वकिलाच्या फीपर्यंत जे गेले त्यावर ठरावा. 35अ ची मर्यादा सगळ्यांसाठी उठली पाहिजे.

महाराष्ट्राला तर नवे काही शोधायचीही गरज नाही. त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा आपला स्वतःचा कायदा 1971 चा आहे. सवयीने निराधार दावे लावणाऱ्याविरुद्ध महाधिवक्त्यांनी अर्ज केला, तर उच्च न्यायालय त्याच्यावर परवानगीची अट घालू शकते. त्याचे दार बंद होत नाही, दारात एक न्यायाधीश उभा राहतो, इतकेच. मद्रासचा असाच 1949 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली वैध ठरवला आहे. याच न्यायालयाने 2017 मध्ये 64 निष्फळ याचिका करणाऱ्या एका ट्रस्टला 25 लाख रुपये खर्च लावला आणि पुढे याचिका करण्यास मनाई केली. दिल्लीत हे होऊ शकते, पण तालुक्यातल्या माणसाने मुंबईत महाधिवक्त्यांपर्यंत पोचायचे कसे? आमच्या बारमध्ये मी विचारून पाहिले, हा कायदा वापरलेला एकही वकील मला भेटला नाही. अर्ज करण्याचा अधिकार जिल्हा सरकारी वकिलांना दिला, तर तो उद्यापासून कामाला लागेल.

आजींच्या तिसऱ्या दाव्याची तारीख बुधवारी आहे. भरपाई हवी तर दावा खोटा असल्याचा आक्षेप घ्यावा लागतो, म्हणून निशाणी 5 वरच्या म्हणण्यात मी तो पहिल्याच परिच्छेदात लिहिला आहे. खाली आधीच्या दोन दाव्यांचे आणि अपिलांचे नंबर दिले आहेत, नातीने घातलेल्या क्रमाने. मागणी 3,000 रुपयांची आहे. त्याहून जास्त मागायची कायद्याने मुभा नाही.