भागीदारीपत्राचा अर्थ न्यायालयाने ठरवावयाचा तेव्हा

आपल्या औषधनिर्मितीच्या भागीदारीपत्रांत यंत्रे, भट्ट्या आणि खलबत्ते यांची यादी काटेकोर असते; मात्र ज्यांच्या बळावर फार्मसी चालते ते पाठ आणि ते नाव यांविषयी बहुधा एक ओळही नसते. 'भागीदाराच्या निधनानंतर त्याचा हिस्सा वारसांस मिळेल' एवढे लिहून दोन्ही वैद्य निश्चिंत होतात. हिस्सा कशात? १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, पेढीचा नावलौकिक ही पेढीची मालमत्ता होय. परंतु वडिलांच्या हस्तलिखित वहीतील पाठ एका भागीदाराने पेढीस केवळ वापरावयास दिला की कायमचा, हे करारातील शब्दांवरून आणि वर्तनावरूनच ठरणार.

असा वाद उद्भवला की आपण ज्येष्ठांच्या मध्यस्थीत वर्षे घालवितो. मध्यस्थी जरूर करावी. पण आपला हक्क समोरच्याने स्पष्ट नाकारला की स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३४ खाली हक्क घोषित करून मागता येतो, हे ध्यानी असावे. नुकसान होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. संचयावस्थेतच दोषांचे निर्हरण करावे हे रुग्णास सांगणारे आपण स्वतःच्या व्यवहारात मात्र भेदावस्थेची वाट पाहतो! मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद ५८ प्रमाणे दाव्याचा हक्क प्रथम निर्माण झाल्यापासून अवघी तीन वर्षे मिळतात, आणि ती बैठकांमध्ये सहज सरतात.

अशी घोषणा देणे न्यायालयाच्या विवेकाधीन असते. शिवाय, अधिक दाद मागणे शक्य असूनही जो केवळ घोषणा मागतो, त्यास ती मिळत नाही. वारसास हिशेब दाखविले जात नसतील, तर हिशेब व मनाईहुकूमही त्याच दाव्यात मागावयास हवेत. निर्णय पक्षकारांवर व त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असल्याने सर्व भागीदार व वारस दाव्यात असावेत. करारात लवादाचे कलम असेल, तर समोरचा पक्ष प्रकरण लवादाकडे नेण्याची मागणी करू शकतो. तेव्हा वकिलाकडे जाताना कराराचे शेवटचे पानही न्यावे.

आणि पेढीची नोंदणी? कलम ६९ अन्वये नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारास करारातून उद्भवणारा हक्क पेढीविरुद्ध वा सहभागीदाराविरुद्ध दाव्याने बजावता येत नाही. कित्येक जुन्या फार्मसींत मुद्रांकावरील करार कपाटात जपून ठेवलेला आहे, परंतु नोंदणीचा दाखला नाही. दोन्ही भागीदार हयात व सलोख्यात असताना नोंदणी करून घ्यावी, आणि पाठ कोणाचे, नाव कोणाचे, हे सांगणारा पुरवणी करारही त्याच वेळी करावा.