अणू 'लाइव्ह' बघताना

परवा एका मित्राने एक क्लिप फॉरवर्ड केली. काळ्या पार्श्वभूमीवर धातूचा एक इवलासा कण, अणूंच्या रांगा स्पष्ट, आणि तो वळवळतोय. खाली लिहिलेलं : "अणू लाइव्ह बघ!!" क्लिप भन्नाट आहे, वादच नाही. माझं भांडण त्या 'लाइव्ह' शब्दाशी आहे.

१९३१ साली बर्लिनमध्ये रुस्का आणि क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बांधला, तेव्हापासून या यंत्राची अट एकच : आत निर्वात पोकळी हवी. वायू असला की इलेक्ट्रॉन त्याच्या रेणूंवर आपटून विखुरतात. उत्प्रेरकाचं, म्हणजे आपल्या कॅटॅलिस्टचं, सगळं आयुष्य मात्र गरम वायूत जातं. मग काय, रिअ‍ॅक्टरमधून काढा, थंड करा, निर्वातात ठेवा, फोटो काढा. म्हणजे प्रोसेस मेल्यावर कोअर डंप उघडून बसण्यासारखंच! मधलं सगळं कल्पनेनं भरायचं.

१९९० च्या दशकात एडवर्ड बॉयेस आणि प्रतिभा गाई (या मूळच्या भारतातल्या) यांनी ड्यूपाँटमध्ये असताना यावर अणू दिसतील इतका बारकाईचा तोडगा काढला. वायू फक्त नमुन्याभोवती सोडायचा, वर-खाली अगदी बारीक छिद्रं ठेवायची आणि त्यातून जो निसटेल तो टप्प्याटप्प्याने पंपाने ओढून घ्यायचा. एसी बाहेर जाऊ नये म्हणून ऑफिसला एकामागे एक दोन दारं असतात ना, साधारण तसं.

याचा फायदा किती? २००२ साली डेन्मार्कच्या हाल्डोर टॉपसो कंपनीतल्या संशोधकांनी झिंक ऑक्साइडवरचे तांब्याचे नॅनोकण असे पाहिले. मिथेनॉल बनवायला हीच जोडी वापरतात. हायड्रोजनमध्ये कणाला सपाट, कोरीव बाजू. त्यात पाण्याची वाफ मिसळली की तो गोलसर. वाफ काढली की पुन्हा पहिल्यासारखा! मग 'या कणाचा आकार असा असा आहे' हे वाक्यच अर्धवट ठरतं. कुठल्या वायूत, ते सांगा आधी.

इथपर्यंत मी त्या मित्राच्याच बाजूने आहे. पण तो प्रयोग दीड मिलिबार दाबाला झाला, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या पाव टक्काही नाही. मिथेनॉलच्या कारखान्यात दाब ५० ते १०० बार असतो. आता सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ खिडक्यांच्या बंद डब्या मिळतात, त्यात १ बार किंवा त्याहून जास्त दाब जमतो. तरी अंतर उरतंच.

आणि खरी गोम वेगळीच आहे. ज्या इलेक्ट्रॉनच्या झोताने आपण बघतो, तोच वायूचे रेणू फोडतो, ऑक्साइडमधला ऑक्सिजन उडवतो, कणाला हलवतो. समोर दिसतंय ते वायूमुळे की आपल्या बघण्यामुळे?

ही धास्ती मला अनुभवाने आली आहे. मागे आमच्या टीममधला एक ज्युनियर आठवडाभर सांगत होता, की रात्रीच्या जॉबमध्ये रेकॉर्ड गायब होतात. मी डीबग लॉगिंग चालू करून तीनदा जॉब चालवला, सगळं गुळगुळीत. "तुझ्याच सेटअपमध्ये काहीतरी घोळ आहे" असं सगळ्यांसमोर म्हणून मोकळा झालो. नंतर कळलं, लॉग लिहिण्यातल्या त्या थोड्याशा उशिरामुळेच दोन थ्रेडची टक्कर टळत होती. मी बघत होतो म्हणून बग दिसत नव्हता. सॉरी म्हणायला मला दोन आठवडे लागले, आणि तेही कॅन्टीनमध्ये, कुणी नसताना.

म्हणून क्लिपपेक्षा मला तिच्यासोबतचा कंटाळवाणा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. झोत बंद ठेवून तेवढाच वेळ वायू आणि तापमान तसंच ठेवलं का? ज्या कोपऱ्यावर झोत पडलाच नव्हता, तिथले कणही तसेच बदलले का? झोत निम्मा केल्यावर वेग तोच राहिला का? जाणकार संशोधक हे तपासतात आणि छापतातही, पण त्याची क्लिप कोण फॉरवर्ड करणार!

मित्राला एवढंच विचारलंय, "झोत बंद असतानाचं काही आहे का?" अजून तरी त्याने फक्त स्मायली पाठवलाय.