भांडवलशाहीचा दोनदाच जयजयकार

आपल्या अशिलाचा त्रिवार जयजयकार करण्यास नकार देणारा वकील विरळाच. अर्व्हिंग क्रिस्टल (१९२०-२००९) हे भांडवलशाहीचे असे वकील होते. ब्रुकलिनमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेले क्रिस्टल विद्यार्थिदशेत ट्रॉट्स्कीचे अनुयायी होते. १९६५ मध्ये डॅनिएल बेल यांच्यासह 'द पब्लिक इंटरेस्ट' हे नियतकालिक काढून त्यांनी सरकारी कल्याणयोजनांची कठोर चिकित्सा आरंभिली. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी भांडवलशाहीचा जयजयकार केला तो दोनदाच: समृद्धीसाठी व स्वातंत्र्यासाठी. बाजारपेठ जीवनाला अर्थ देत नाही, म्हणून तिसरा राखून ठेवला. टीकाकारांनी 'नवपुराणमतवादी' म्हणून हिणवले, तर ते नाव त्यांनी बिरुदासारखे मिरविले.

परंतु इतरांच्या योजनांकडे पुरावा मागणाऱ्या क्रिस्टल यांनी करकपातीच्या सिद्धांताला मात्र सूट दिली. त्याच्या आर्थिक गुणवत्तेविषयी आपल्याला खात्री नव्हती, राजकीय उपयोग तेवढा चटकन दिसला, अशी कबुली त्यांनीच १९९५ मध्ये दिली. करकपात आणि वाढता संरक्षणखर्च यांमुळे रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झाले होते. क्रिस्टल वाचावेत ते त्यांच्या शंकेखोर वृत्तीसाठी. मात्र ती शंका स्वपक्षालाही लागू करावी, हा धडा त्यांच्या चुकीतून घ्यावा लागतो.